डाग कुठे साठतो? व्हिडिओ गेममधल्या नासण्या-बाटण्याची पार्श्वभूमी

'भ्रष्ट' या शब्दाचं मूळ 'भ्रंश' म्हणजे घसरणं, खाली पडणं यात आहे. त्याच्या आसपास मराठीत शब्दांचं मोठं गणगोत आहे. दूध नासतं, लाकूड किडतं, माणूस बाटतो, कारभार सडतो. ठाणे किंवा नवी मुंबईतल्या गेमिंग कॅफेत बसलात तर आणखी एक वाक्य हमखास कानावर येईल, 'सेव्ह करप्ट झाली', म्हणजे खेळातली प्रगती साठवणारी फाइल नासली. नीती, शरीर आणि फाइल यांचं नासणं एकमेकांना जोडण्याचं काम व्हिडिओ गेम गेली चाळीस वर्षं करत आहेत. तलावपाळीपासून खारघरपर्यंत घरबसल्या युनिटी किंवा गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर छोटे गेम बनवणाऱ्यांना हा इतिहास माहीत असायला हवा. तो वाचताना दोनच प्रश्न धरून ठेवले तरी पुरे. वाईट कृत्याचा डाग गेम कुठे साठवतो? आणि तो धुवायला काय मोजावं लागतं?

सुरुवात टेबलावरच्या खेळांपासून झाली. 1974 च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये कायदा, तटस्थता आणि अनागोंदी असे तीन पक्ष होते. तुम्ही कोणत्या पक्षाचे, ते खेळ सुरू होतानाच ठरायचं. 1981 च्या 'कॉल ऑफ क्थुल्हू'मध्ये शुद्धीचे, म्हणजे मन ठिकाणावर असण्याचे, गुण आले आणि भयंकर काही दिसलं की ते गळू लागले. माणसाच्या आतली पडझड आकड्यात मोजायची सवय इथून रुळली.

संगणकावर या कल्पनेला खरं वजन दिलं ते रिचर्ड गॅरियटच्या 'अल्टिमा 4'ने, 1985 मध्ये. या गेममध्ये शेवटी मारायला कोणी खलनायक नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता हे आठ गुण अंगी बाणवायचे, एवढंच ध्येय. प्रत्येक गुणाचा आकडा असतो, पण तो पडद्यावर दिसत नाही. किल्ल्यातल्या हॉकविंड नावाच्या द्रष्ट्याला विचारलं तर तो शब्दांत अंदाज देतो, तेवढाच.

त्यातलं मंत्रसामग्रीचं दुकान नीट पाहण्यासारखं आहे. दुकानदारीण आंधळी. ती किंमत सांगते आणि किती देताय ते तुम्हालाच टंकायला लावते. कमी टंकलं तरी माल हातात पडतो. ओरडा होत नाही, शिपाई धावत येत नाही, फक्त आत कुठेतरी प्रामाणिकपणाचा आकडा उतरतो. पुढे कित्येक तासांनी गुणाची पूर्णता मागायला जाल तेव्हा ती मिळत नाही, आणि का मिळत नाही ते स्वतःच आठवावं लागतं. आधी मिळवलेली पूर्णताही वाईट वागण्याने हातची जाते. भिकाऱ्याला पैसे दिले की करुणा वाढते, लढाईतून पळ काढला की शौर्य उतरतं. आमच्या मते या विषयातली सर्वांत चांगली रचना अजूनही हीच आहे. लबाडी इथे सोपी आहे, फायद्याची आहे आणि ती कोणी पाहिलेली नाही. या तीन गोष्टी एकत्र आल्याशिवाय मोह तयार होत नाही.

चित्रं सुधारली तसा डाग आकड्यातून शरीरावर आला. 2001 च्या 'ब्लॅक अँड व्हाइट'मध्ये देव झालेल्या खेळाडूचा हात, मंदिर आणि पाळलेला महाकाय प्राणी वागणुकीप्रमाणे बदलत. 2003 च्या 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक' या 'स्टार वॉर्स'च्या दुनियेतल्या गेममध्ये काळ्या बाजूला गेलेल्याची कातडी राखट पडते. 2004 च्या 'फेबल'मध्ये दुष्टाला शिंगं फुटतात, त्याच्याभोवती माश्या घोंगावतात, आणि सज्जनाच्या डोक्यावर तेजोवलय येतं. 'फेबल 2' (2008) आणखी पुढे गेला. चांगलं-वाईट या मापाशेजारी त्याने शुद्ध-भ्रष्ट असं दुसरं माप ठेवलं. भाज्या खाल्ल्या की शुद्धता वाढते, मांस आणि दारूने घटते, आणि भाडेकरूंचं भाडं वाढवलं की भ्रष्टता चढते. सोवळं-ओवळं ऐकत वाढलेल्या मराठी खेळाडूला ताटावरून शुद्धता ठरवणं काही नवीन नाही. त्यामुळेच आपण ते जसंच्या तसं उचलू नये. भाड्याची कल्पना मात्र जरूर घ्यावी.

शरीरावरच्या डागाचे दोन दोष लवकरच दिसले. पहिला हिशेबाचा. 'नाइट्स'मध्ये बक्षीस दोन्ही टोकांना ठेवलं होतं. 'मास इफेक्ट 2'मध्ये (2010) खास संवाद उघडायला सज्जन किंवा उद्दाम यांपैकी एका बाजूचे गुण मोठ्या प्रमाणात लागत. परिणाम असा की खेळाडू प्रसंग पाहून निर्णय घेत नाही. पहिल्या तासातच रंग निवडतो आणि पुढे त्याच रंगाचं उत्तर दाबत राहतो. धुण्याची किंमतही चुकते. 'फेबल'मध्ये देवळात दान टाकलं की पाप उतरतं. 'मास इफेक्ट 2'मध्ये उद्दाम वागण्याने चेहऱ्यावर उमटणारे धगधगते व्रण 50,000 प्लॅटिनम (गेममधलं खनिज) मोजून दवाखान्यात घालवता येतात. पैशाने पुसला जाणारा डाग खेळाडूच्या लेखी निव्वळ सजावट ठरतो.

'बायोशॉक'चं (2007) गणित यासाठी पाटीवर मांडून पाहावं. लहान मुलीला मारून तिच्यातलं 'ॲडम' हे शक्ती विकत घ्यायला लागणारं द्रव्य काढलं तर 160 ॲडम मिळतं, वाचवलं तर 80. पण दर तीन मुली वाचवल्या की 200 ॲडमची भेट येते. म्हणजे तिघींमागे क्रूराला 480 आणि दयाळूला 440. फरक उरला 40 चा. शिवाय भेटीत अशा शक्ती मिळतात ज्या क्रूराला मिळत नाहीत. प्रसंग अंगावर काटा आणणारा आहे, पण तोटाच नसेल तर दयेची कसोटी लागणार कशी?

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. पाप दाखवायला कातडी वापरली की आजारपण आणि अपराध एक होऊन बसतात. आपल्या समाजात कुष्ठरोग आणि कोड यांना 'कर्माचं फळ' म्हणून माणसांना घराबाहेर काढलं गेलं आहे. तो कलंक पुसायला बाबा आमट्यांना आनंदवन उभारावं लागलं. पांढरे चट्टे, झडलेली बोटं, काळवंडलेला रंग ही दुष्टपणाची खूण म्हणून कोणत्याही मराठी गेममध्ये येता कामा नये. इथे आमचं मत ठाम आहे.

यावर चांगला उपाय 2012 मध्ये 'डिसऑनर्ड'ने दाखवला. त्यात डाग पडतो तो शहरावर. माणसं जितकी माराल तितके उंदीर वाढतात आणि साथीने पिचलेले रोगी रस्त्यावर दिसू लागतात. ज्या छोट्या राजकन्येला वाचवायचं त्या एमिलीने काढलेली चित्रंही भेसूर होत जातात. फार रक्त सांडलंत तर शेवटी तुम्हाला नेणारा नावाडीच बंदुकीचा बार काढून पहारेकऱ्यांना सावध करतो. एक तक्रार मात्र रास्त आहे. मारण्याची साधनं ढीगभर दिली आणि ती वापरल्याबद्दल शिक्षा केली, त्यामुळे सज्जन खेळाडूची अर्धी पेटी न उघडताच राहते.

ही पद्धत आपल्या भागाला कशी लागू पडेल, ते खाडीकाठच्या जुन्या सोसायटीवर बसवून पाहा. खेळाडू सेक्रेटरी आहे. दुरुस्तीच्या कंत्राटात टक्का घेतला की एक छुपा आकडा चढतो, समजा 0 ते 100. डाग पडतो स्लॅबवर. खाऱ्या हवेतलं क्लोराइड काँक्रीटमध्ये मुरतं, सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. पायऱ्याही निसर्गानेच ठरवून दिल्या आहेत. आधी सळईच्या रेषेत बारीक चीर, मग तपकिरी ओघळ, मग पोपडा खाली पडतो, शेवटी सळया उघड्या. त्यांना 15, 35, 60 आणि 85 असे उंबरठे द्या. नुसता गिलावा आणि रंग मारला तर चित्र मागे जाईल, पण आकडा तसाच राहील आणि दोन पावसाळ्यांत चीर परत येईल. आकडा खरोखर उतरवायचा तर गंजलेला भाग फोडून सळई साफ करावी लागते. ते महाग आहे, आणि सभेत कबुली दिल्याशिवाय त्याला मंजुरी मिळत नाही.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. आकडा 35 च्या आसपास वर-खाली होत राहिला तर ओघळ दिसतो, जातो, परत दिसतो, आणि खेळाडूला ती प्रोग्रॅमची चूक वाटते. म्हणून चढताना 35 ला दिसलेला ओघळ उतरताना 25 च्या खाली गेल्याशिवाय काढू नका. दुसरं म्हणजे परिणाम फार उशिरा आला की कारण विसरलेलं असतं. ज्या घराच्या दुरुस्तीत पैसे खाल्ले त्याच घरात पहिली चीर पाडा, आणि तिथल्या काकूंनाच ती दाखवायला पाठवा. 'अहो सेक्रेटरी, गेल्याच वर्षी केलंत ना हे?' एवढं त्यांनी विचारलं की पुरे.

राहिली फाइल. 2002 च्या 'इटर्नल डार्कनेस'मध्ये पात्राच्या मनाचा तोल ढळला की सेव्ह पुसल्याचा आभास व्हायचा. 2015 मध्ये टोबी फॉक्सच्या 'अंडरटेल'ने तो डाग खरा केला. सगळ्यांना मारून शेवटी आत्मा विकलात तर नेहमीच्या सेव्हशिवाय वेगळी नोंद राहते. नंतर पुन्हा सुरू करून कितीही दयाळूपणे खेळलात तरी सुखी शेवटावर तिची सावली पडते. संगणकावर ती फाइल हाताने काढता येते, पण गेमच्या आत प्रायश्चित्ताची सोय नाही.

असं काही करणार असाल तर खरी सेव्ह आधी सांभाळा. पावसात लाइट जाते आणि अर्धवट लिहिलेली फाइल नासते. नवी सेव्ह तात्पुरत्या नावाने लिहा, चेकसम (फाइल पूर्ण आणि बिनचूक आहे का ते सांगणारा आकडा) पडताळा, मगच नाव बदला आणि आधीची प्रत ठेवून द्या. कायमचा डाग युनिटीच्या प्लेअरप्रेफ्समध्ये, म्हणजे छोट्या सेटिंग्ज साठवायच्या सोयीत, ठेवू नका. विंडोजवर ते रजिस्ट्रीत (विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत) जातं आणि गेम काढला तरी तिथेच राहतं. वाशी किंवा नौपाड्याच्या कॅफेत एकाच मशिनवर दिवसभरात अनेक मुलं बसतात. सकाळच्या मुलाने केलेली कत्तल संध्याकाळी बसलेल्या मुलीच्या माथी यायला नको. नोंद मशिनशी न बांधता खेळाडूच्या प्रोफाइलशी बांधा, आणि कोणाची नोंद चालू आहे ते सुरुवातीच्याच पडद्यावर नावानिशी दाखवा.