इतिहास विषयाचे विद्यापीठीय शिक्षण (महाराष्ट्र)

बी.ए.ला इतिहास हा मुख्य विषय घेऊन पुढे त्याच विषयात एम.ए. करण्याचा अभ्यासक्रम. शाळेत इतिहास वाचला जातो, पदवीला तो समजून घ्यायचा असतो आणि एम.ए.ला तो कागदावरून तपासायचा असतो, अशी या शिक्षणाची कल्पना आहे. महाराष्ट्रात या कल्पनेला वेगळी पार्श्वभूमी मिळाली. येथे इतिहाससंशोधन बरेचसे विद्यापीठाबाहेर वाढले आणि वर्ग व दफ्तरखाना यांच्यातले अंतर आजही पुरते मिटलेले नाही.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. सुरुवातीला ते परीक्षा घेणारे व पदव्या देणारे विद्यापीठ होते. शिकवणे महाविद्यालयांकडे असे. १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. पुढे एकाने मराठी सत्तेच्या उदयावर लिहिले, दुसऱ्याने दख्खनच्या प्राचीन इतिहासावर. परंतु त्या काळच्या अभ्यासक्रमात मान इंग्लंडच्या इतिहासाला होता. मराठ्यांचे कागद तेव्हा देशमुख-देशपांड्यांच्या आणि सरदारांच्या वाड्यांत वाळवी खात पडले होते.

ते कागद बाहेर काढणाऱ्यांपैकी बहुतेक जण विद्यापीठाच्या सेवेत नव्हते. काशिनाथ नारायण साने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये ‘काव्येतिहास-संग्रह’ सुरू करून बखरी छापल्या. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे हे शाळेत संस्कृत शिकवणारे शिक्षक. त्यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ उभा केला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे पदवीधर होते, पण नोकरी न धरता गावोगाव हिंडले. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली. १९१० मध्ये त्यांनी खंडेराव मेहेंदळे यांच्यासह पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. पेशवे दफ्तर मात्र सरकारच्या ताब्यात होते आणि खासगी संशोधकांना त्याचे दार बराच काळ बंद होते. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतर त्यातील निवडक कागद ४५ भागांत संपादित केले, तेव्हा कुठे ते सर्वांना वाचता येऊ लागले.

महाविद्यालयाच्या आवारात संशोधनाची बैठक घालणारे ठळक उदाहरण म्हणजे मुंबईच्या सेंट झेवियर्समधले फादर हेन्री हेरास. या स्पॅनिश जेझुइटाने १९२६ मध्ये तेथे इतिहास संशोधन संस्था सुरू केली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पुढे इंडियन हिस्टरी काँग्रेस म्हणून नावारूपाला आलेल्या परिषदेचे पहिले अधिवेशनही १९३५ मध्ये पुण्यात मंडळाच्या पुढाकाराने भरले.

नागपूर (१९२३), पुणे (१९४९), मराठवाडा (१९५८) आणि शिवाजी (१९६२) या विद्यापीठांमुळे इतिहासाचे पदव्युत्तर वर्ग मुंबईबाहेर पोचले. शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू अप्पासाहेब पवार हे स्वतः मराठा इतिहासाचे संशोधक होते.

पदवीची रचना एफ.वाय., एस.वाय. आणि टी.वाय. अशी बोलीत रुळली आहे. जुन्या पद्धतीत पहिल्या वर्षी इतिहास हा अनेक विषयांपैकी एक असे. दुसऱ्या वर्षी ‘स्पेशल’ घेतले की त्याचे पेपर वाढत आणि टी.वाय.ला तोच मुख्य ठरे. पुण्याकडे जी-वन (जनरल), एस-वन, एस-टू (स्पेशल) ही पेपरांची नावे विद्यार्थ्यांच्या तोंडी इतकी बसली होती की पेपरचे खरे शीर्षक परीक्षेच्या आदल्या दिवशी पाहावे लागे. विषय साधारण ठरलेले: प्राचीन आणि मध्ययुगीन भारत, मराठ्यांचा इतिहास, आधुनिक भारत, आधुनिक महाराष्ट्र, विसाव्या शतकातील जग. शिवकाळाला वर्ग भरलेला असतो, सातवाहनांना अर्धा, आणि रशियन राज्यक्रांतीपर्यंत येता येता पाठ्यक्रमापेक्षा कॅलेंडर पुढे गेलेले असते.

माध्यम बहुतेक ठिकाणी मराठी. मूळ संशोधनग्रंथ मोठ्या प्रमाणावर इंग्रजीत आणि परीक्षा मराठीत, या फटीत गाइड नावाचा प्रकार फोफावला. ‘कारणे सांगा’, ‘परिणाम लिहा’, ‘टिपा द्या’ अशा प्रश्नांना मुद्द्यांची माळ पुरते, मग मूळ ग्रंथ उघडण्याची निकड राहत नाही. याचा दोष केवळ विद्यार्थ्याला देता येणार नाही. प्रश्नपत्रिकाच जिथे घटनेच्या कारणांची यादी मागते, तिथे साधन कुठले आणि ते किती विश्वसनीय हे विचारायला जागाच उरत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार ही रचना बदलली. राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून मेजर-मायनर, म्हणजे मुख्य व गौण विषयांची, पद्धत आली. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक (क्रेडिट), तर चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६ श्रेयांक लागतात. चौथे वर्ष केलेल्याला एम.ए. एका वर्षात पूर्ण करता येते. तीन वर्षांवर थांबलेल्याला नेहमीप्रमाणे दोन वर्षे आणि ८० ते ८८ श्रेयांक. क्षेत्रप्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव हे नवे घटक आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी त्यांचा अर्थ संग्रहालय, अभिलेखागार, ग्रंथालय किंवा वारसा-सहलींचे काम असा लावता येतो. तालुक्याच्या गावी मात्र असे ठिकाण शोधण्यातच विभागप्रमुखांचे अर्धे सत्र जाते.

एम.ए.ला येताच पहिल्या सत्रात इतिहासलेखनशास्त्र किंवा संशोधनपद्धती समोर येते आणि अनेकांना विषय बदलल्यासारखे वाटते. अस्सल आणि दुय्यम साधने, बहिरंग परीक्षण (साधन खरे की बनावट) व अंतरंग परीक्षण (त्यातला मजकूर किती विश्वसनीय), तळटीप कशी द्यायची, हे सगळे इथे प्रथम गंभीरपणे शिकवले जाते. महाराष्ट्रातील वर्गांत यासाठी हमखास घेतले जाणारे उदाहरण शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचे. उत्तरकालीन बखरींच्या आधारे १६२७ हे वर्ष रूढ होते. जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सालवार नोंदींची यादी, शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया देते, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. कोणते साधन घटनेच्या जवळचे, ते कोणी आणि कशासाठी लिहिले, दुसऱ्या साधनाशी ते जुळते का, हे प्रश्न या एका तारखेवर इतक्या नीट उभे राहतात की त्यानंतर अंतरंग परीक्षणाची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

खरी अडचण त्यापुढची. मराठ्यांच्या कारभाराचे कागद मोडी लिपीत आहेत. मोडीत वेलांटी आणि उकार यांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही, शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हे नसतात. आधी ओळभर शिरोरेखा ओढून तिच्याखाली लेखणी शक्यतो न उचलता मजकूर धावतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही लिपी माणसांच्या हातात होती. आज ती बहुधा प्रमाणपत्र वर्गात स्वतंत्रपणे शिकावी लागते, आणि मोडी न येता मराठ्यांच्या इतिहासात एम.ए. होता येते. एखाद्याने संस्कृत न शिकता वेदांचा अभ्यासक म्हणवून घ्यावे, त्यातलाच हा प्रकार.

लिपी सुटली तरी तारीख अडवते. पत्रात ‘सन खमस सबैन व अलफ’ असे लिहिलेले असते. ही शुहूर सनाची, म्हणजे जुन्या दख्खनी कारभारातल्या कालगणनेची, अरबी अक्षरी संख्या आहे: खमस म्हणजे पाच, सबैन सत्तर, अलफ हजार, मिळून १०७५. त्यात ५९९ मिळवले की १६७४, म्हणजे राज्याभिषेकाचे वर्ष. शुहूर सन मृग नक्षत्राला बदलतो, म्हणून जानेवारी ते मे या काळातल्या कागदाला ६०० मिळवावे लागतात. पुढे ‘छ’ हे अक्षर आणि हिजरी महिना दिसला की ती चांद्रतिथी. पुण्याच्या पुराभिलेखागारात कापडी रुमालांत बांधलेली दफ्तरे सोडून बसलेल्या नवख्या विद्यार्थ्याचा पहिला आठवडा बहुधा याच बेरजांत जातो. मुंबईचे अभिलेखागार एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे. तेथील कंपनी सरकारच्या इंग्रजी कागदांना ही अडचण नाही, म्हणून आधुनिक काळावरचे लघुप्रबंध अधिक होतात. विषयाची आवड हे त्याचे एकमेव कारण नव्हे.

प्राचीन काळाकडे वळणाऱ्यांसाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजची वाट वेगळी आहे. १९३९ मध्ये पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालेल्या या संस्थेत ह. धी. सांकलिया यांनी पुरातत्त्वाची परंपरा घातली. घोड नदीकाठच्या इनामगावचे ताम्रपाषाणयुगीन उत्खनन १९६८ पासून अनेक हंगाम चालले आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या तेथे खापरे धुऊन, त्यांवर क्रमांक घालून तयार झाल्या. या वाटेवर कागदाऐवजी मातीचे थर वाचावे लागतात.

गोव्यात साधनांची भाषाच निराळी. पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दो कोतु यांच्याकडे १५९५ मध्ये सोपवलेला तेथील पोर्तुगीज दफ्तरखाना हा आजच्या अभिलेखागाराचा पूर्वज. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी त्यातील पोर्तुगीज कागदांतून मराठ्यांच्या इतिहासावर नवा प्रकाश टाकला. गोवा विद्यापीठ (१९८५) येथे इतिहास शिकणाऱ्याला म्हणूनच पोर्तुगीज येत असेल तर हात मोकळा होतो.

एम.ए. करणाऱ्यांत नियमित विद्यार्थ्यांइतकीच बहिस्थ परीक्षार्थींची परंपरा जुनी आहे: शिक्षक, पोलीस, ग्रंथपाल, गृहिणी. त्यांची सोय आता यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) आणि विद्यापीठांच्या दूरशिक्षण केंद्रांतून होते. महाविद्यालयात शिकवण्यासाठी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा किंवा महाराष्ट्र व गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेते ती सेट परीक्षा द्यावी लागते. मोठा गट स्पर्धा परीक्षांकडे जातो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इतिहासाच्या वैकल्पिक विषयाला प्रत्येकी २५० गुणांचे दोन पेपर असतात आणि पहिल्याची सुरुवात ५० गुणांच्या नकाशाने होते. त्यामुळे ज्यांनी बी.ए.ला नकाशा फक्त पुरवणीला बांधण्यापुरता हाताळला, ते या टप्प्यावर इनामगाव आणि जुन्नर नव्याने शोधू लागतात.