बंदूक नोंदणी आणि घटनात्मक हक्क : अमेरिकेतील वाद

कोणत्या नागरिकाकडे कोणती बंदूक आहे, तिचा अनुक्रमांक काय आणि ती कोणाकडून आली, याची सरकारदरबारी नोंद ठेवणे म्हणजे बंदूक नोंदणी. बहुतेक देशांत ही प्रशासनाची साधी बाब समजली जाते. अमेरिकेत तसे नाही. तिथे शस्त्र बाळगणे हा घटनेने मान्य केलेला हक्क आहे, आणि तो बजावणाऱ्याने आपले नाव सरकारी यादीत का लिहावे, हा प्रश्न जवळजवळ शंभर वर्षे न्यायालयांत, कायदेमंडळांत आणि निवडणुकांत गाजतो आहे. २०२१ या एका वर्षात त्या देशात बंदुकीच्या गोळीने ४८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. हा आकडा डोळ्यांआड करून या वादाकडे पाहता येत नाही.

१७९१ साली घटनेत आलेली दुसरी दुरुस्ती एकाच वाक्याची आहे. सुव्यवस्थित मिलिशिया, म्हणजे नागरिकांची फौज, स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक असल्याने शस्त्रे बाळगण्याच्या लोकांच्या हक्कावर अतिक्रमण होऊ नये, असे ती सांगते. नोंदणीचे समर्थक त्या काळातलेच दाखले देतात. १७९२ च्या मिलिशिया कायद्याने १८ ते ४५ वयाच्या धडधाकट गोऱ्या पुरुषांना स्वतःची बंदूक आणणे सक्तीचे केले होते. कवायतीच्या वेळी शस्त्रे तपासली जात आणि त्यांचे तक्ते वरिष्ठांकडे जात. म्हणजे घटनाकारांच्या पिढीला बंदुका मोजण्याचे वावडे नव्हते. विरोधकांचे उत्तर असे की ती मोजणी लोक पुरेसे सशस्त्र आहेत ना हे पाहण्यासाठी होती, घरातल्या प्रत्येक खासगी बंदुकीचा हिशेब तिच्यात नव्हता. यादीमागच्या हेतूविषयीचा संशय त्यांच्या मनात आणखी एका इतिहासामुळे आहे. यादवी युद्ध संपताच, १८६५ मध्ये, मिसिसिपी राज्याने नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना परवान्याशिवाय बंदूक बाळगण्यास बंदी केली. तो परवाना देणे न देणे स्थानिक गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती होते.

केंद्र सरकारची पहिली खरी नोंदवही १९३४ च्या राष्ट्रीय बंदूक कायद्याने सुरू झाली. दारूबंदीच्या काळातील टोळीयुद्धांनी देश हादरला होता. मशीनगन, नळी आखूड केलेल्या रायफली व शॉटगन आणि सायलेन्सर यांच्या प्रत्येक हस्तांतरावर २०० डॉलर कर बसला आणि नोंदणी सक्तीची झाली. मूळ मसुद्यात पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरही होती, पण ती पुढे वगळली गेली. कर हे इथे केवळ निमित्त नव्हते. गुन्हेगारी कायदे करणे मुख्यतः राज्यांचे काम असल्याने काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, आपल्या कर आकारण्याच्या अधिकाराचा आधार घेतला, आणि १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. १९३९ च्या मिलर खटल्यात, नळी कापलेल्या शॉटगनचा मिलिशियाशी काही संबंध असल्याचे दिसत नाही, असे सांगून दुसऱ्या दुरुस्तीवरचा आक्षेपही न्यायालयाने फेटाळला.

या नोंदवहीला पहिला जबर धक्का बसला तो मात्र पाचव्या दुरुस्तीमुळे. कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही, असे ती दुरुस्ती सांगते. १९६८ च्या हेन्स खटल्यात आरोपीचे म्हणणे साधे होते : बेकायदा आलेल्या बंदुकीची नोंदणी करायला गेलो, तर मी स्वतःच गुन्हा कबूल केल्यासारखे होते. न्यायालयाने ते मान्य केले. त्यामुळे विचित्र स्थिती उद्भवली. कायदा पाळणाऱ्याला नोंदणी न केल्याबद्दल शिक्षा करता येत होती, पण ज्याच्या हाती बंदूक असूच नये त्याला त्याच कारणासाठी शिक्षा देता येत नव्हती. नोंदणीमुळे मिळालेली माहिती नोंदवणाऱ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही, अशी तरतूद काँग्रेसने त्याच वर्षी केली आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुधारित कायदा टिकवला. तरीही नोंदणी गुन्हेगाराला नव्हे, सज्जनालाच पकडते, हा विरोधकांचा आवडता मुद्दा हेन्समधूनच बळ घेतो. तो अर्धाच खरा आहे. नोंदणीचा उपयोग गुन्हेगाराने येऊन नाव लिहिण्यात नाही. कायदेशीर खरेदीदाराने बंदूक गुपचूप गुन्हेगाराला विकली, तर माग त्याच्यापर्यंत पोहोचतो, यात तो आहे.

रॉबर्ट केनेडी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्यांनंतर आलेल्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यात राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना देशव्यापी नोंदणी आणि परवाने हवे होते. काँग्रेसने दोन्ही नाकारले. २२ ऑक्टोबर १९६८ रोजी सही करतानाच जॉन्सन यांनी बलाढ्य बंदूक-समर्थक लॉबीला दोष दिला. त्या कायद्याने ठरलेली व्यवस्था थोड्याफार फरकाने आजही चालू आहे : परवानाधारक विक्रेत्याने ग्राहकाकडून ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरून घ्यायचा आणि तो आपल्याच दुकानात जपून ठेवायचा. पुढे १९८६ च्या कायद्याने, या नोंदींमधून बंदुका, त्यांचे मालक किंवा विक्रीव्यवहार यांची केंद्रीय नोंदवही उभारण्यास स्पष्ट मनाई केली. त्याच कायद्याने १९ मे १९८६ नंतर बनलेल्या मशीनगन सामान्य नागरिकांना बंद केल्या. खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासणारी संगणकीय यंत्रणा १९९८ मध्ये सुरू झाली, पण मंजूर झालेल्या व्यवहाराची ओळख पटवणारी माहिती २४ तासांत पुसावी लागते.

याचा परिणाम वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्गच्या शोध केंद्रात दिसतो. गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या बंदुकीचा माग काढताना तिथले कर्मचारी आधी उत्पादकाला विचारतात, मग घाऊक व्यापाऱ्याला, मग किरकोळ दुकानाला. दुकान बंद पडले असेल, तर त्याची दप्तरे याच केंद्रात जमा झालेली असतात. ती स्कॅन केलेली आहेत, पण खरेदीदाराचे नाव टाकून त्यांत शोध घेता येत नाही. बंदूक एकाने दुसऱ्याला खासगीरीत्या विकली असेल, तर केंद्रीय कायद्यानुसार त्या व्यवहाराची कुठेच नोंद नसते आणि माग पहिल्या ग्राहकापाशीच तुटतो. माहिती असते, ती कुठे आहे हेही ठाऊक असते, आणि तरी ती एकत्र आणायची नाही. खुनाचा तपास करणाऱ्याच्या जागी उभे राहून पाहिले की ही तडजोड किती महाग पडते ते कळते.

मग एवढी भीती कशाची? नोंदणी ही जप्तीची पहिली पायरी आहे, हे विरोधकांचे सूत्र. त्यासाठी १९३८ च्या जर्मनीतील ज्यूंच्या निःशस्त्रीकरणाचे उदाहरण वारंवार दिले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याहून वजनदार दाखले अमेरिकेतच आहेत. राजधानी वॉशिंग्टनने १९७६ मध्ये पिस्तुलांची नोंदणी सक्तीची ठेवली आणि नवी नोंदणी बंद केली. शिकागोने १९८२ मध्ये तेच केले. कागदावर नोंदणीचा नियम होता, व्यवहारात पिस्तूलबंदी झाली. ही भीती अंगाशी आलेल्या अनुभवातून आली आहे, म्हणून ती खुळचट ठरवून झटकता येत नाही.

या दोन्ही शहरांचे कायदे शेवटी सर्वोच्च न्यायालयात पडले. वॉशिंग्टनमधील सुरक्षारक्षक डिक हेलर यांनी घरात पिस्तूल ठेवण्यासाठी नोंदणीचा अर्ज केला होता आणि तो फेटाळला गेला होता. २६ जून २००८ रोजी न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क व्यक्तीचा असल्याचे ठरवले. न्या. अँटोनिन स्कालिया यांच्या निकालपत्राचा शेवट नीट वाचण्याजोगा आहे. हेलर अन्यथा अपात्र नसतील, तर शहराने त्यांना पिस्तुलाची नोंदणी करू द्यावी, असा तो आदेश आहे. व्यक्तीचा हक्क मान्य करणाऱ्या सर्वांत महत्त्वाच्या निकालाने दिलेला दिलासा नोंदणीचाच होता. अर्थात हेलर यांनी नोंदणीच्या कल्पनेला आव्हानच दिले नव्हते, त्यामुळे तो प्रश्न निकाली निघाला असे म्हणता येत नाही. २०१० मध्ये मॅक्डॉनल्ड खटल्यात हाच हक्क शिकागोसह सर्व राज्यांना व शहरांना लागू झाला.

वॉशिंग्टनच्या नव्या नियमांवर हेलर पुन्हा न्यायालयात गेले. २०११ मध्ये अपील न्यायालयाने पिस्तुलांच्या मूलभूत नोंदणीला मान्यता दिली. २०१५ मध्ये मात्र दर 3 वर्षांनी पुन्हा नोंदणी, नोंदणीसाठी बंदूक प्रत्यक्ष घेऊन येणे आणि महिन्याला एकच पिस्तूल या अटी रद्द झाल्या. २०११ च्या निकालात न्या. ब्रेट कॅव्हनॉ यांनी विरोधी मत दिले होते. कायदेशीर बंदुकांच्या सरसकट नोंदणीला इतिहासाचा आणि परंपरेचा आधार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तेच २०१८ पासून सर्वोच्च न्यायालयात आहेत, आणि २०२२ च्या ब्रूएन निकालाने इतिहास व परंपरा हीच कसोटी सर्व बंदूक कायद्यांना लावली आहे.

राज्याराज्यांत चित्र वेगवेगळे आहे. हवाई सर्व बंदुकांची नोंद ठेवते, तर फ्लोरिडात अशी यादी करणेच गुन्हा आहे. न्यूयॉर्कने २०१३ मध्ये ठरावीक लष्करी धाटणीच्या रायफलींची नोंदणी सक्तीची केली, तेव्हा २०१५ पर्यंत जेमतेम ४४ हजार नोंदी झाल्या. अशा रायफली राज्यात याच्या कित्येक पट असाव्यात असा सर्वसाधारण अंदाज होता. याद्यांच्या गुप्ततेचा प्रश्नही खरा आहे. २०१२ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कजवळच्या एका वृत्तपत्राने पिस्तूल परवानाधारकांची नावे व पत्ते नकाशावर छापले, आणि २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाकडून परवानाधारकांची माहिती उघड्यावर पडली.

भारताने हा रस्ता समजून-उमजून नाकारला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिशांनी भारतीयांना निःशस्त्र केल्याचा राग भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या मनात होता, म्हणून १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. ह. वि. कामथ यांनी डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत तशी दुरुस्ती सुचवली, पण ती फेटाळली गेली. संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये राहिला तो शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क. निवडणुकीच्या आधी आपली बंदूक पोलीस ठाण्यात जमा करणाऱ्या महाराष्ट्रातल्या परवानाधारकाला अमेरिकी वाद परका वाटतो, त्याचे मूळ इथे आहे.

सरसकट नोंदणी घटनेत बसते का, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने थेट सांगितलेले नाही. जी नोंदणी केवळ नोंद ठेवते आणि पात्र माणसाला अडवत नाही, ती हक्काच्या आड येते असे मानण्यास सबळ कारण दिसत नाही. १९३४ ची नोंदवही नव्वद वर्षे चालली आणि तिच्यातून सरसकट जप्ती निघाली नाही. आता तिच्याच पायावर घाव पडला आहे. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने सायलेन्सर आणि आखूड नळीच्या बंदुकांवरचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला, नोंदणी मात्र तशीच ठेवली. कर आकारण्याच्या अधिकारावर उभी असलेली नोंदणी कर उरला नसताना कशी टिकणार, असा सवाल करत बंदूकधारकांच्या संघटना न्यायालयात गेल्या आहेत.