राउटरची चोपडी
गेल्या दिवाळीत रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर फोटोंचा सर्व्हर थाटला. गावी बसून पुण्यातल्या घरचे फोटो बघायचे, एवढीच हौस. राउटरच्या १९२.१६८.१.१ या पानावर पोर्ट फॉरवर्डिंग केलं, म्हणजे बाहेरून ठरावीक पोर्टवर (क्रमांकाच्या दारावर) आलेली मागणी पायकडे पाठवायला राउटरला सांगितलं, आणि मोबाइल डेटावरून उघडून पाहिलं. ढिम्म. दोन तास राउटरला शिव्या घालून झाल्यावर स्टेटसच्या पानावर नजर गेली. वॅनचा, म्हणजे राउटरच्या बाहेरच्या बाजूचा, पत्ता १००.७२ ने सुरू होत होता. बिचाऱ्या राउटरचा काही दोषच नव्हता.

आयपीव्ही४ या इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत पत्ते सुमारे ४२९ कोटी. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. म्हणून घरातली सगळी यंत्रं एकाच पत्त्यामागे राहतात, वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखी. लॅपटॉपने एखादी साइट मागितली की राउटर आपल्या चोपडीत ओळ लिहितो : आतला १९२.१६८.१.२३, पोर्ट ५१५१४. बाहेरचा अमुक, पोर्ट ४४३. उत्तर आलं की ओळ शोधायची आणि पॅकेट, म्हणजे माहितीचं पुडकं, आत पाठवायचं. आतला पत्ता बदलून बाहेरचा लावण्याच्या या कामाला नॅट म्हणतात. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरांत या चोपडीला कॉनट्रॅक म्हणतात. उत्तर न आलेल्या यूडीपीची, म्हणजे आधी कनेक्शन न जोडता डेटा पाठवण्याच्या पद्धतीची, ओळ तिथे ३० सेकंदांत खोडली जाते, तर आधी कनेक्शन जोडणाऱ्या टीसीपीचं जुळलेलं कनेक्शन, कुणी मुदत कमी केली नसेल तर, गप्प बसूनही ५ दिवस टिकतं.

१००.६४ ते १००.१२७ हे पत्ते २०१२ मध्ये इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी राखून ठेवले गेले. म्हणजे माझ्या राउटरच्या वर कंपनीची आणखी एक चोपडी होती, आणि तिथे माझा हात पोचत नव्हता.

मग आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीकडे वळलो. तिथे प्रत्येक यंत्राला स्वतःचा जाहीर पत्ता मिळतो, नॅटची गरज नाही. ‘म्हणजे घर उघडंच पडलं की!’ असं मित्र म्हणाला. हा गैरसमज फार पसरलेला आहे. नॅट फक्त पत्ते बदलतो. कंपनीच्या बाजूने कुणी थेट १९२.१६८.१.२३ असं लिहून पॅकेट ढकललं, तर नुसता नॅट ते अडवत नाही. अडवतो तो फायरवॉलचा, म्हणजे राउटरमधल्या पहारेकऱ्याचा, नियम : चोपडीत ओळ नाही, तर प्रवेश नाही. हाच नियम पत्ते न बदलता आयपीव्ही६ लाही लागू पडतो. मात्र काही राउटरांत त्याचं बटण वेगळं असतं, ते चालू आहे ना हे बघाच. यंत्रांना आपणहून पोर्ट उघडू देणारं यूपीएनपी मी बंद केलं. आतल्या कुठल्याही यंत्राने न विचारता दार उघडावं, हे मला पटत नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ या मालवेअरने कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरूनच कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते.

एक चूक मात्र मीही केली. जास्त शहाणपणा करून सगळं आयसीएमपी, म्हणजे नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारे निरोप, अडवलं. लॉगिन व्हायचं, छोटी पानं उघडायची, मोठा फोटो मागितला की अडकायचं. आयपीव्ही६ मध्ये वाटेतले राउटर पॅकेटचे तुकडे करत नाहीत. ‘पॅकेट मोठं आहे’ असा निरोप आयसीएमपीने पाठवतात. तो निरोपच मी दारात अडवत होतो.

नियम सुधारला, पायसाठी एकच पोर्ट उघडलं, फोटो दिसले. गावी काकांच्या वायफायवर आयपीव्ही६ नाही, त्यामुळे तिथे फोटो बघायचे तर अजून मोबाइल घेऊन गच्चीवर जावं लागतं.