एमजीबीच्या सीटमागच्या दोन बॅटऱ्या

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची बॅटरी बदलायची तर बॉनेट उघडून काही उपयोग नाही. सीट पुढे ओढायची, मागचा गालिचा उचलायचा आणि पाव फेरा फिरवला की सुटणारे स्क्रू सोडवून पत्र्याचं झाकण बाजूला करायचं. खाली टॉर्च मारला की प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या, दोन्ही अंगांना लोखंडी चौकटी दिसतात. गाडी १९७४ च्या आधीची असेल आणि कुणी फेरफार केलेला नसेल, तर प्रत्येक चौकटीत सहा व्होल्टची एकेक बॅटरी बसलेली असते आणि दोघींना जोडणारी जाड केबल शाफ्टच्या वरून गेलेली असते. आपल्याकडे सहा व्होल्ट म्हटलं की जुनी राजदूत आठवते. इथे मात्र १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन फिरवायचं काम या जोडीकडे होतं.

ही मांडणी विक्षिप्त वाटते, पण तिला कारण होतं. युद्धानंतरच्या एमजी टी मालिकेत बॅटरी बॉनेटखालीच असे. १९५५ च्या एमजीएने ती उंच, चौकोनी ठेवण सोडली. बॉडी बुटकी झाली, नाक उतरतं झालं, आणि बॅटऱ्या सीटमागे, मागच्या ॲक्सलच्या पुढे गेल्या. जड वस्तू खाली आणि गाडीच्या पोटात आली हा फायदाच. अडचण जागेची होती. लेड-ॲसिड बॅटरीचा एक सेल साधारण दोन व्होल्ट देतो, म्हणजे बारा व्होल्टला सहा सेल लागतात. त्या काळची पेटी जाड भिंतींच्या कडक रबराची, वरून डांबराने बंद केलेली आणि सेलना जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या डोक्यावर उघड्या. असे सहा सेल एका पेटीत घातले की पेटी शाफ्टच्या एका बाजूला मावणं कठीण. म्हणून तीन इकडे, तीन तिकडे. १९६२ साली ॲबिंग्डनच्या कारखान्यातून एमजीबी बाहेर पडली तेव्हा वेगळी चॅसी जाऊन बॉडीच भार पेलू लागली होती. बॅटऱ्यांची विभागणी मात्र तशीच पुढे आली.

या जोडीबद्दल एक गैरसमज अजून ऐकू येतो. मूळ बॅटऱ्या ५८ अँपिअर-अवरच्या होत्या, मग दोन मिळून ११६ झाल्या असं लोक धरून चालतात. तसं नाही. एकीमागे एक जोडल्यावर व्होल्ट वाढतात, अँपिअर-अवर ५८ च राहतात. शिवाय दोघींतून एकच करंट जातो, त्यामुळे एकीचा सेल मेला की दुसरी कितीही धडधाकट असली तरी गाडी सेल्फ घेत नाही. म्हणूनच जोडी बदलायची तर दोन्ही एकदम, एकाच बनावटीच्या आणि एकाच वयाच्या घ्याव्यात. एक नवी, एक जुनी ठेवून वाचवलेले पैसे नव्या बॅटरीच्या जिवावर उठतात.

खरी जपून जाण्याची जागा पुढेच आहे. सुरुवातीच्या एमजीबीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला अर्थ केलेलं, म्हणजे पत्र्याला जोडलेलं असे. १९३० च्या दशकापासून ब्रिटिश गाड्यांत ही पद्धत रुळली होती. बॅटरी चार्ज करायला डायनॅमो असेपर्यंत तिने कुणाचं काही अडलं नाही. १९६७ च्या अखेरीस सुधारित एमजीबी आली, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला आणि अर्थ निगेटिव्ह झाला. अल्टरनेटरच्या डायोडना, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांना, उलट जोडणी अजिबात चालत नाही, क्षणात जळतात. त्यामुळे बॅटरी घेण्याआधी गाडीचं साल बघा आणि सालावरही विसंबू नका, कारण मधल्या पन्नास-साठ वर्षांत कुणी अर्थ बदलून घेतलेला असू शकतो. बॉडीला जाणारी केबल कुठल्या टोकावरून निघते ते डोळ्यांनी पाहा. टर्मिनलची जाडी इथे मदतीला येते: पॉझिटिव्ह खांब निगेटिव्हपेक्षा जाड असतो. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत म्हणूनच बॉडीकडे जाणाऱ्या केबलचा लग, म्हणजे टर्मिनलवर बसणारं टोक, मोठ्या भोकाचा असतो. लग ठोकून बसवावा लागत असेल किंवा सैल पडत असेल तर तिथेच थांबावं.

रबराच्या पेटीचा काळ १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ओसरू लागला. पॉलिप्रॉपिलीनच्या पातळ भिंती आल्या, सेलची जोडणी पेटीच्या आतून होऊ लागली आणि तेवढ्याच ताकदीची बॅटरी कमी जागेत बसू लागली. १९७४ च्या सप्टेंबरात एमजीबीला काळे रबरी बंपर लागले. त्याच सुमारास दोन बॅटऱ्या जाऊन बारा व्होल्टची एकच आली. १९८० मध्ये उत्पादन थांबेपर्यंत ती तशीच राहिली.

आज जुन्या गाडीच्या मालकापुढे जो प्रश्न असतो तो इथूनच आलाय. सहा व्होल्टची चांगली जोडी महाग पडते, आणि बारा व्होल्टची एक छोटी बॅटरी आता एका चौकटीत मावते. माझं स्पष्ट मत आहे की रोज किंवा दर रविवारी चालवायच्या गाडीत एकच बॅटरी घालावी. जोडच कमी झाले की बिघाडाच्या जागाही कमी होतात. पण दुसरी चौकट कापू नये आणि मधली केबल टाकून देऊ नये. उद्या कुणाला गाडी मूळ रूपात हवी असेल तर ती वाट उघडी राहिली पाहिजे. घेताना लांबी-रुंदीबरोबर उंचीही मोजा. टर्मिनल वरच्या झाकणाला टेकलं तर थेट शॉर्ट आहे.

साधी, पाणी घालायची बॅटरी की एजीएम? या चौकटी ज्या गंजाने खाल्ल्या जातात त्यामागे वर्षानुवर्षं झिरपलेलं ॲसिड हे एक मोठं कारण असतं. एजीएममध्ये ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं, सांडत नाही, म्हणून पत्र्याच्या दृष्टीने मला तीच पसंत. फक्त तिला जादा चार्जिंग सोसत नाही, आणि गेलेलं पाणी परत भरता येत नाही. डायनॅमोच्या गाडीत चार्जिंगवर ताबा ठेवायला हलत्या काँटॅक्टचा रेग्युलेटर असतो आणि तो वयानुसार भरकटतो. इंजिन गरम झाल्यावर मल्टिमीटर लावून व्होल्ट पाहा. साडेचौदाच्या वर जात असतील तर आधी रेग्युलेटर, मग बॅटरी. लिथियमच्या वाटेला या गाडीत मी जाणार नाही. त्यांना हवं तसं नेमकं चार्जिंग ती जुनी यंत्रणा देऊ शकत नाही.

नवी बॅटरी बसवून झाली की सेल्फ मारायच्या आधी नुसती किल्ली फिरवून थांबा. मागे, उजव्या चौकटीच्या जवळच, एसयू कंपनीचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप आहे. आधी भराभर टिकटिकतो, कार्ब्युरेटर भरले की टिकटिक मंदावते आणि थांबते. बॅटरी उतरलेली असली की तोच पंप पहिल्या ठोक्यापासून रेंगाळत, जड जड वाजतो.