रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम : औषधांचे दुष्परिणाम व त्यांची हाताळणी

रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम हा मज्जासंस्थेचा विकार आहे. संध्याकाळ झाली, माणूस बसला किंवा आडवा झाला, की पायांत, विशेषतः पोटऱ्यांत, वळवळ, शिवशिव, आतून ओढ असे काहीतरी सुरू होते आणि पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून चालले की बरे वाटते. पुन्हा अंथरुणावर पडले की पुन्हा तेच. इंग्लंडमधील वैद्य टॉमस विलिस यांनी सतराव्या शतकात याचे वर्णन केले होते. स्वीडिश मज्जातज्ज्ञ कार्ल-आक्सेल एकबोम यांनी १९४५ मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास मांडला. त्यामुळे या विकाराला विलिस-एकबोम आजार असेही म्हणतात.

लक्षणे अधूनमधून येणाऱ्यांना रोजच्या औषधाची गरज नसते. मध्यम ते तीव्र त्रास असणाऱ्यांना मात्र वर्षानुवर्षे औषध घ्यावे लागते. म्हणून पहिल्या आठवड्यात मळमळ होते का, यापेक्षा तिसऱ्या-चौथ्या वर्षी औषध काय करते हा प्रश्न इथे मोठा ठरतो. त्यातच, या उपचारातला सर्वांत त्रासदायक दुष्परिणाम हुबेहूब आजारासारखा दिसतो. तो ओळखला न गेल्याने अनेकांचा त्रास उपचार चालू असतानाच वाढत राहतो.

औषधामुळे वाढणारी लक्षणे

१९८२ मध्ये लेव्होडोपा या पार्किन्सनच्या औषधाने पायांची वळवळ थांबते अशी नोंद झाली आणि डोपामाइनवर्गीय औषधांचा, म्हणजे मेंदूतील डोपामाइन या संदेशवाहक रसायनाचे काम वाढवणाऱ्या औषधांचा, काळ सुरू झाला. पुढे रोपिनिरोल, प्रॅमिपेक्सोल आणि त्वचेवर चिकटवायचा रोटिगोटिनचा पॅच आला. अमेरिकेत रोपिनिरोलला २००५ मध्ये आणि प्रॅमिपेक्सोलला २००६ मध्ये या विकारासाठी मान्यता मिळाली. पार्किन्सनच्या मानाने अगदी छोट्या मात्रेत ही औषधे काम करतात आणि अनेकदा पहिल्याच काही रात्रींत गुण येतो. कित्येक वर्षे नीट न झोपलेल्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट असते.

पण काही महिन्यांनी किंवा वर्षांनी चित्र पालटू शकते. रात्री दहाला सुरू होणारा त्रास संध्याकाळी सहाला, मग दुपारी सुरू होतो. पूर्वी तासभर बसल्यावर पाय वळवळायचे, आता दहा मिनिटेही बसवत नाही. वळवळ हातांत, कधी धडातही पसरते. गोळीचा परिणाम कमी वेळ टिकतो. याला ऑग्मेंटेशन म्हणतात. रिचर्ड ॲलन आणि ख्रिस्तोफर अर्ली या संशोधकांनी १९९६ मध्ये त्याचे पहिले सविस्तर वर्णन केले, तेव्हा लेव्होडोपा घेणाऱ्या त्यांच्या रुग्णांपैकी ८२ टक्के लोकांत ते आढळले होते. इतर डोपामाइन औषधांत प्रमाण कमी असले तरी उपचाराच्या प्रत्येक वर्षागणिक त्यात भर पडत जाते.

खरा घात पुढे होतो. मात्रा वाढवली की काही आठवडे बरे वाटते. रुग्णाला वाटते आजार वाढला होता, औषध कमी पडत होते. डॉक्टरांनाही तसेच वाटते. मग पुन्हा लक्षणे, पुन्हा वाढीव मात्रा. या विकारात प्रॅमिपेक्सोल दिवसाला ०.५ मिलिग्रॅम, रोपिनिरोल ४ मिलिग्रॅम आणि रोटिगोटिन ३ मिलिग्रॅम यांच्यापुढे नेऊ नये असे मानले जाते, तरी त्याच्या कितीतरी पट मात्रेवर पोचलेले रुग्ण तज्ज्ञांकडे येतात. डोपामाइन औषध वाढवण्याची वेळ आली की आधी एक प्रश्न विचारलाच पाहिजे : हे औषध सुरू होण्यापूर्वी त्रास दिवसाच्या कोणत्या वेळी सुरू व्हायचा आणि आता कधी होतो? आताची वेळ बरीच अलीकडे सरकली असेल, तर संशय आधी औषधावर घ्यावा. यासाठी उपचाराच्या पहिल्याच भेटीत लक्षणे सुरू होण्याची वेळ लिहून ठेवणे अतिशय उपयोगी पडते.

मात्र प्रत्येक वाढ ऑग्मेंटेशनच असते असे नाही. शरीरातले लोह घटले असेल, नवे नैराश्यविरोधी किंवा ॲलर्जीचे औषध सुरू झाले असेल, गोळ्या चुकत असतील, तरीही त्रास वाढतो. पहाटेच वळवळ होत असेल तर तो रात्रीच्या गोळीचा असर संपल्याचा परिणाम असू शकतो. लोहाची कमतरता दोन्हीकडे असते : ती आजारही वाढवते आणि ऑग्मेंटेशनची शक्यताही.

ऑग्मेंटेशन ठरले की औषध एकदम बंद करायचे नाही. अचानक थांबवल्यास काही रात्री अजिबात झोप न येण्याइतकी लक्षणे उसळतात. शिवाय अस्वस्थता, घाबरण्याचे झटके, घाम, खिन्नता आणि औषधाची तीव्र ओढ असा वेगळाच त्रास काहींना होतो. सौम्य प्रकारात मात्रा विभागून किंवा लवकर देऊन, अथवा दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधावर नेऊन काही काळ भागते. बहुतेकांत आधी लोह तपासून भरून काढतात, गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन (डोपामाइनच्या मार्गाने काम न करणारी वेगळ्या गटातली औषधे) सुरू करून ते पुरेशा मात्रेवर आणतात आणि मगच जुने औषध पायरी-पायरीने उतरवतात. शेवटची पायरी सर्वांत अवघड असते. त्यानंतरचे काही दिवस वाईट जाणार हे रुग्णाला आधी स्पष्ट सांगितले नाही, तर तो घाबरून पुन्हा जुन्या गोळीकडे वळतो. जमल्यास या दिवसांत कामावर रजा घ्यावी आणि वाहन चालवणे टाळावे.

या अनुभवातूनच उपचाराचा क्रम बदलला. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरात प्रीगॅबालिन घेणाऱ्या २.१ टक्के लोकांत ऑग्मेंटेशन झाले, तर प्रॅमिपेक्सोल ०.५ मिलिग्रॅम घेणाऱ्या ७.७ टक्के लोकांत. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत डोपामाइन औषधे नेहमीचा पर्याय म्हणून वापरू नयेत असे सुचवले आणि गॅबापेंटिन गट व लोह यांना पुढे आणले.

मनावरचा ताबा सुटणे

डोपामाइन औषधांचा दुसरा मोठा दुष्परिणाम वर्तनात दिसतो. जुगार, बेसुमार खरेदी, सतत खाणे, लैंगिक वर्तनातला अतिरेक, एकच निरर्थक काम तासन्‌तास करत राहणे, अशी रूपे तो घेतो. तो छोट्या मात्रेतही होतो, पूर्वी असा कधीही कल नसलेल्या माणसांतही होतो आणि औषध सुरू केल्यावर कित्येक महिन्यांनी होतो. त्यामुळे पायांसाठीच्या गोळीशी त्याचा संबंध कोणी जोडत नाही. कर्ज झालेले, घर मोडायला आलेले लोक स्वतःच्या स्वभावाला दोष देत राहतात. हे त्यांचे चारित्र्य नव्हे, औषधाचा परिणाम आहे, हे मोकळेपणाने सांगितले जाणे गरजेचे आहे. औषध सुरू करतानाच जोडीदाराला किंवा घरातल्या कोणाला याची कल्पना द्यावी, कारण बदल बहुधा त्यांच्याच सर्वांत आधी लक्षात येतो. दर भेटीत थेट, नाव घेऊन विचारावे, ‘काही त्रास?’ या प्रश्नाला याचे उत्तर कधीच मिळत नाही. असे काही आढळले तर औषध हळूहळू बंद करणे हाच मार्ग.

याशिवाय दिवसा झोप येणे, क्वचित पूर्वसूचनेविना डोळा लागणे, उभे राहताना रक्तदाब घसरून चक्कर येणे आणि पायांवर सूज हे त्रास होतात. पॅचच्या जागी त्वचा लाल होऊन खाजते. रोज जागा बदलल्याने हे कमी होते. एमआरआय तपासणीपूर्वी पॅच काढावा लागतो, कारण त्याच्या आवरणात ॲल्युमिनियम असते. पर्गोलाइड आणि कॅबरगोलिन ही जुनी औषधे हृदयाच्या झडपांना इजा करू शकतात. पर्गोलाइड २००७ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून काढून घेतले गेले.

दुष्परिणामावर दिलेले औषध

इथे एक सापळा आहे. डोपामाइनच्या गोळीने मळमळ होते, म्हणून मेटोक्लोप्रामाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन दिले जाते. ही दोन्ही औषधे मेंदूत डोपामाइनचाच मार्ग अडवतात आणि पायांची वळवळ भडकवतात. मळमळ टाळण्यासाठी गोळी खाण्याबरोबर घ्यावी आणि मात्रा सावकाश वाढवावी. औषध लागलेच तर मेंदूत फारसे न शिरणारे डोमपेरिडोन निवडतात, मात्र हृदयाच्या ठोक्यांवरील त्याचा परिणाम लक्षात घेऊन. झोप येत नाही म्हणून किंवा सर्दीसाठी घेतलेल्या डायफेनहायड्रामिनसारख्या गुंगी आणणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्याही त्रास वाढवतात; फेक्सोफेनाडिन त्या मानाने सुरक्षित. नैराश्यावरची बहुतेक औषधे, विशेषतः मिर्टाझापिन, लक्षणे वाढवू शकतात. ब्युप्रोपिऑनचा हा दोष दिसत नाही. अर्थात नैराश्याचे चालू औषध पायांसाठी परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. ते बदल दोन्ही आजार पाहणाऱ्या डॉक्टरांनी मिळून करावेत.

गॅबापेंटिन गट

गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिन एनाकार्बिल यांनी ऑग्मेंटेशन फारसे होत नाही, पण चक्कर, गुंगी, तोल जाणे, वजन वाढणे, पायांवर सूज आणि विचारांत मंदपणा येतो. लक्षणे सुरू होण्याच्या तास-दोन तास आधी, कमी मात्रेपासून आरंभ केला तर गुंगीचा बराचसा भाग झोपेत निघून जातो. वृद्धांत मात्रा आणखी कमी ठेवतात, कारण रात्री लघवीला उठताना पडण्याची भीती असते. गॅबापेंटिन एका वेळी जास्त दिले तर आतडे ते पूर्ण शोषत नाही. म्हणून मोठी मात्रा विभागून देतात. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमयुक्त आम्लपित्ताच्या औषधानंतर दोन तास थांबून ते घ्यावे. खिन्नता किंवा आत्महत्येचे विचार आले तर लगेच कळवले पाहिजे. फुप्फुसाचा जुना आजार असेल किंवा जोडीला ओपिऑइड (अफूवर्गीय वेदनाशामक) चालू असेल, तर श्वसन मंदावण्याचा धोका आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये तसा इशारा दिला.

लोह आणि ओपिऑइड

प्रौढांत फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे रक्तातील प्रथिन) ७५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी असेल, अथवा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातील लोहवाहक प्रथिनाचा लोहाने भरलेला भाग) २० टक्क्यांखाली असेल, तर लोह देतात. हिमोग्लोबिन उत्तम असूनही हे आकडे कमी असू शकतात. गोळ्यांनी बद्धकोष्ठ, पोटात जळजळ, काळा शौच होतो. काळेपणा निरुपद्रवी आहे. दिवसाआड एकच गोळी घेतली तर पोटाचा त्रास घटतो आणि शोषणही चांगले होते. चहा, कॅल्शियम आणि थायरॉइडची गोळी यांपासून ती दूर ठेवावी. शिरेतून दिलेल्या लोहाने क्वचित तत्काळ रिॲक्शन येते, म्हणून नंतर थोडा वेळ देखरेखीखाली बसवतात. शिरेतून देण्याच्या लोहाचा एक प्रकार असलेल्या फेरिक कार्बॉक्सिमाल्टोजने रक्तातील फॉस्फेट घटू शकते. वारंवार मात्रा दिल्यावर थकवा, स्नायूंत अशक्तपणा वा हाडांत दुखणे आले तर ते तपासावे. गुण येण्यास काही आठवडे लागतात, तोवर निराश होऊ नये.

इतर उपाय थकल्यावर मेथाडोन, ऑक्सिकोडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन छोट्या मात्रेत देतात. बद्धकोष्ठावरचा उपाय पहिल्या दिवसापासूनच सुरू करणे शहाणपणाचे. झोपेत श्वास अडकण्याचा विकार आहे का हे आधी पाहतात, मेथाडोनसाठी ईसीजी काढतात आणि दारू व झोपेच्या गोळ्या वर्ज्य करतात. तोंडात विरघळणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनने दात किडू शकतात. गोळी विरघळल्यावर पाण्याने चूळ भरून तासाभराने दात घासावेत.

मूत्रपिंडाचा आजार आणि गर्भारपण

हा विकार मूत्रपिंड निकामी झालेल्यांत बराच आढळतो आणि नेमकी प्रॅमिपेक्सोल, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन ही औषधे मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतात. नेहमीची मात्रा त्यांना अतिगुंगी आणि स्नायूंना झटके देणारी ठरू शकते, म्हणून ती खूप कमी ठेवून डायलिसिसनंतर देतात. गर्भारपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, त्रास उद्‌भवतो किंवा वाढतो. तेव्हा लोहाची कमतरता भरून काढण्यावर भर असतो आणि बाकीची औषधे शक्यतो टाळली जातात, कारण प्रसूतीनंतर बहुतेक स्त्रियांची लक्षणे आपोआप ओसरतात.