लॉख की परिसर

लॉख की हे आयर्लंडच्या पश्चिमेकडील कॉनाक्ट प्रांतात, रॉसकॉमन काउंटीच्या उत्तर भागात असलेले गोड्या पाण्याचे सरोवर आहे. त्याच्या दक्षिण काठावरील वनोद्यान, पाण्यातील बेटांवरचे भग्नावशेष आणि जवळच्या बॉइल गावातील सिस्टर्शियन या ख्रिस्ती भिक्षुपंथाचा मठ यांना धरून हा परिसर आयरिश ग्रामीण भागातील भ्रमंतीसाठी ओळखला जातो. किलार्नीसारख्या जुन्या आणि गजबजलेल्या पर्यटनस्थळांच्या तुलनेत येथे गर्दी बरीच कमी असते. येथील सरोवर, उद्यान आणि अवशेष एकाच इतिहासाचे भाग आहेत, कारण ज्या पाण्याने मध्ययुगीन सरदारांना संरक्षण दिले त्याच पाण्याकाठी पुढे इंग्रज जमीनदारांनी आपली बाग उभी केली आणि तीच बाग आज सार्वजनिक झाली आहे.

बॉइल नदी पश्चिमेकडील लॉख गारा या सरोवरातून निघून लॉख कीमध्ये येते आणि पूर्वेकडून बाहेर पडून शॅनन नदीला मिळते. नॉकविकर गावाजवळच्या क्लॅरेंडन जलपाशातून बोटी वर चढवता येत असल्यामुळे शॅननच्या जलमार्गाने थेट येथपर्यंत येता येते. सरोवरात तीसहून अधिक लहानमोठी बेटे आहेत व त्यांपैकी बहुतेक झाडीने झाकलेली आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरीस शॅननच्या खोऱ्यात शिरलेले झीब्रा शिंपले येथेही पोहोचले. पाणी गाळून त्यातील सूक्ष्म वनस्पती खाणाऱ्या या परकीय जातीमुळे सरोवराच्या जीवसृष्टीत झालेल्या बदलांचा शास्त्रज्ञांनी बारकाईने अभ्यास केला आहे. दंतकथेनुसार सरोवराला नाव मिळाले ते की नावाच्या ड्रुइडावरून. तो नुआडा या पौराणिक राजाचा पुरोहित होता.

मध्ययुगात हा प्रदेश मॉयलर्गच्या मॅकडर्मट घराण्याच्या ताब्यात होता आणि त्यांचे मुख्य ठाणे सरोवरातील एका लहान बेटावर होते. ‘लॉख कीचा खडक’ या नावाने वृत्तांतांत येणाऱ्या या ठाण्याला १२३५ मध्ये अँग्लो-नॉर्मन सैन्याने वेढा घातला. जमिनीवरून दगडफेकी यंत्रांचा मारा पुरेसा पडणार नाही हे ओळखून त्यांनी यंत्रे नावांवर चढवली. ठाण्याला आग लावण्यासाठी लागणाऱ्या लाकडाकरिता जवळच्या आर्डकार्न येथील घरे मोडून त्यांच्या फळ्या वापरण्यात आल्या, आणि रिकामी पिंपे बांधून तरंगते तराफे तयार केले गेले. आग लावण्याची ही तयारी पाहून आतील शिबंदीने शरणागती पत्करली. परंतु विजय फार काळ टिकला नाही. किल्लेदार काही कामासाठी बाहेर पडताच आत राहिलेल्या एका स्थानिक माणसाने दरवाजा बंद करून घेतला, आणि ठाणे परत मिळताच कॉर्मक मॅकडर्मटने ते शत्रूच्या हाती पुन्हा पडू नये म्हणून स्वतःच पाडून टाकले. आज ‘कॅसल आयलंड’वर दिसणारी बुरुजांची वास्तू पाहून अनेकांचा ती त्याच काळातील असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात ती एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी, काठावरच्या वाड्यातून दृश्य शोभून दिसावे म्हणून उभारलेली शोभेची गढी आहे. १८९५ मध्ये कवी विल्यम बटलर येट्स याने हे बेट पाहिले, आणि आयरिश गूढविद्येला वाहिलेला एक आश्रम येथे स्थापण्याची कल्पना त्याच्या मनात बरीच वर्षे घोळत राहिली. ती प्रत्यक्षात आली नाही.

त्याहून खरा अवशेष ‘ट्रिनिटी आयलंड’वर आहे. तेराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुमारास एल्फिनच्या धर्मप्रांतातील क्लॅरस मॅक मेलिन याने तेथे प्रीमॉन्स्ट्रेटेन्शियन पंथाचा मठ स्थापन केला. त्याच्या भिंतींचे अवशेष झाडीत उभे आहेत. ‘लॉख कीचे वृत्तांत’ हा आयरिश इतिहासाचा एक मोठा आधारग्रंथ या बेटावर लिहिला गेला असे मार्गदर्शक सर्रास सांगतात. हे विधान जरा जपूनच स्वीकारावे, कारण १०१४ च्या क्लॉन्टार्फ लढाईपासून सुरू होणाऱ्या या ग्रंथाचे हाती असलेले हस्तलिखित सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रायन मॅकडर्मट याच्यासाठी तयार झाले असून ते आता डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. याच बेटाशी ऊना मॅकडर्मट आणि टोमास कॉस्टेलो यांच्या विफल प्रेमाची लोककथा जोडलेली आहे. दोघांना शेजारी पुरले आणि त्यांच्या थडग्यांवर उगवलेली झाडे एकमेकांत गुंतली, असे ती सांगते.

सतराव्या शतकातील जमीनजप्तीनंतर हा मुलूख इंग्लंडहून आलेल्या किंग घराण्याकडे गेला. त्यांच्यापैकी रॉबर्ट किंग, व्हायकाउंट लॉर्टन याने १८१० च्या सुमारास जॉन नॅश या वास्तुविशारदाकडून सरोवराकाठी रॉकिंगहॅम हाऊस हा प्रासाद बांधून घेतला. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याचा विस्तार करणारा तोच नॅश. वाड्याला चारही बाजूंनी दर्शनी भाग असावा, म्हणजे मागची बाजूच नसावी, असा या रचनेचा आग्रह होता. त्यामुळे नोकरांची ये-जा आणि जळणाची वाहतूक मालकांच्या व पाहुण्यांच्या नजरेआड ठेवण्यासाठी जमिनीखालून भुयारे काढावी लागली. दलदलीतून कापून वाळवलेले पीट नावांमधून धक्क्यावर उतरवले जाई आणि भुयारातून तळघरात नेले जाई. १९५७ मध्ये वाड्याला आग लागली, आणि जळका सांगाडा पुढे १९७० च्या दशकाच्या प्रारंभी पाडण्यात आला. आज वाडा नाही पण भुयारे शाबूत आहेत, आणि पाहुण्यांसाठी खुली असलेली ही दगडी भुयारे जमीनदारी समाजरचनेची कल्पना जितक्या स्पष्टपणे देतात तितकी एखादा सजवलेला दिवाणखाना क्वचितच देईल. वाड्याच्या जागी उभारलेला काँक्रीटचा मॉयलर्ग मनोरा मात्र परिसराशी विसंगत वाटतो.

इस्टेट सरकारकडे आल्यावर तिची शेतजमीन शेतकऱ्यांत वाटली गेली आणि सुमारे ८०० एकरांचा वनभाग उद्यान म्हणून राखण्यात आला. त्याचे व्यवस्थापन आज क्विल्टे ही सरकारी वनसंस्था आणि रॉसकॉमन काउंटी कौन्सिल मिळून करतात. ओक, बीच आणि देवदार जातीच्या जुन्या वृक्षांमधून जाणाऱ्या पायवाटा, बर्फ साठवण्याचे जुने बर्फघर, कालव्यांवरील दगडी पूल आणि झाडांच्या शेंड्यांमधून नेणारा सुमारे ३०० मीटर लांबीचा उंच लाकडी मार्ग ही येथील आकर्षणे आहेत.

उद्यानापासून काही किलोमीटरवर पश्चिमेस बॉइल गाव आहे. डब्लिन–स्लायगो रेल्वेमार्गावर त्याचे स्थानक असल्याने मोटारीशिवाय येणाऱ्यांना ते सोयीचे पडते. येथील सिस्टर्शियन मठ ११६१ मध्ये स्थापन झाला. आयर्लंडमधील या पंथाचा पहिला मठ १९ वर्षांपूर्वी मेलिफॉन्ट येथे उभा राहिला होता आणि बॉइलचे भिक्षू तेथूनच आले. चर्चचे बांधकाम पन्नासहून अधिक वर्षे रेंगाळले, आणि तो काळ भिंतींतच वाचता येतो. मधल्या दालनात उभे राहिले असता दक्षिणेकडील रांगेतील जाड गोल खांबांवर अर्धवर्तुळाकार रोमनेस्क कमानी दिसतात, तर समोरच्या उत्तर रांगेत टोकदार गॉथिक कमानी आहेत. एकाच छताखाली समोरासमोर दोन शैली आल्या, कारण काम संपेपर्यंत बांधणाऱ्यांची अभिरुचीच बदलली होती. पंथाचा नियम साधेपणाचा असूनही पश्चिमेकडील काही स्तंभशीर्षांवर माणसे आणि प्राणी कोरलेले आहेत. धर्मसुधारणेनंतर मठ बंद पडला आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकापर्यंत त्याचा उपयोग लष्करी ठाणे म्हणून झाला.

गावातील किंग हाऊस ही १७३० च्या सुमारास बांधलेली हवेली किंग कुटुंबाचे वास्तव्य रॉकिंगहॅमला हलल्यावर कॉनाक्ट रेंजर्स या ब्रिटिश पलटणीची छावणी बनली. या पलटणीचा भारताशी थेट संबंध आला. आयर्लंडमध्ये ब्रिटिश सैन्याने चालवलेल्या दडपशाहीच्या निषेधार्थ जून १९२० मध्ये जालंदर येथील तिच्या शिपायांनी शस्त्रे खाली ठेवली, आणि हे लोण सोलनपर्यंत पोहोचले. अनेकांना देहान्ताची शिक्षा सुनावली गेली, पण अमलात आली ती फक्त जेम्स डेली याच्या बाबतीत. त्याला २ नोव्हेंबर १९२० रोजी डगशाई येथे गोळ्या घालण्यात आल्या. दोन वर्षांनी पलटण बरखास्त झाली. किंग हाऊस आता संग्रहालय असून पलटणीचा इतिहास तेथे मांडलेला आहे.

आसपासचे अवशेष आणखी प्राचीन आहेत. १९५० च्या दशकात जलनिस्सारणाच्या कामामुळे लॉख गाराची पातळी उतरली, तेव्हा क्रॅनॉग म्हणजे मानवनिर्मित वस्तीबेटे शेकड्यांनी उघडी पडली. बॉइलजवळ ड्रमनोन येथे अजस्र छतशिळेचे डॉल्मेन म्हणजे उभ्या दगडांवर शिळा ठेवून केलेले प्राचीन थडगे आहे. उत्तरेस स्लायगो काउंटीतील कॅरोकील टेकड्यांवर नवाश्मयुगीन थडग्यांचा समूह असून त्यांपैकी एकाच्या दारावरील खास झरोक्यातून उत्तरायणाच्या अखेरीस मावळतीचा प्रकाश आत येतो. १९११ मध्ये येथे झालेले उत्खनन आजच्या कसोट्यांवर फारच घाईचे ठरते.

अशा ठिकाणी फिरताना एक कायदेशीर बाब ध्यानात ठेवावी लागते. स्कॉटलंडप्रमाणे रानावनात मुक्त संचाराचा सर्वसाधारण हक्क आयर्लंडमध्ये नाही. उद्यान आणि मठ येथे प्रवेश निश्चित आहे, पण शेतातील थडगे किंवा गढी पाहणे बहुधा मालकाच्या संमतीवर अवलंबून असते. १९९५ च्या कायद्याने करमणुकीसाठी येणाऱ्यांबाबत जमीनमालकाची जबाबदारी मर्यादित केल्याने पुष्कळ शेतकरी आडकाठी करत नाहीत. मात्र फाटक जसे आढळले तसेच ठेवावे आणि मेंढ्या असलेल्या रानात कुत्रा नेऊ नये, अशी अपेक्षा असते. प्राचीन वस्तूंच्या शोधासाठी परवानगीविना धातुशोधक यंत्र वापरणे हा गुन्हा आहे.