दहावीची सिद्धता, पदवीचा एप्सिलॉन आणि मधली दोन वर्षे

बारावीला गणितात नव्वदच्या वर गुण मिळवलेला विद्यार्थी हौसेने बीएस्सीला गणित घेतो आणि दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत त्याला वाटू लागते की आपला विषयच चुकला. महाराष्ट्रात पदवीच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवणाऱ्या बहुतेक प्राध्यापकांनी हे पाहिलेले असते आणि त्याचे कारण बहुधा 'पाया कच्चा आहे' एवढ्या तीन शब्दांत सांगितले जाते. हे कारण मला अपुरे वाटते आणि विद्यार्थ्यावर अन्याय करणारेही वाटते. शाळा आणि विद्यापीठ यांच्यामधली सीमारेषा आपल्याकडे गेल्या शंभर वर्षांत पुन्हापुन्हा हलवली गेली आहे. ती कुठे असावी यावर आयोग नेमले गेले, अहवाल लिहिले गेले. परंतु रेषेच्या अलीकडचे गणित आणि पलीकडचे गणित एकाच जातीचे आहे का, हा प्रश्न त्या मानाने फारच थोड्यांनी विचारला.

नेमके काय बदलते, हे एका उदाहरणातून पाहू. एक्स हा २ कडे जात असताना एक्स वर्गाची सीमा ४ आहे, हे बारावीचा विद्यार्थी एक्सच्या जागी २ घालून क्षणात सांगतो. पदवीच्या वर्गात तीच गोष्ट सिद्ध करायला सांगतात. एप्सिलॉन आणि डेल्टा ही इथे कितीही लहान असू शकणाऱ्या संख्यांची नावे. दिलेल्या प्रत्येक धन एप्सिलॉनसाठी असा धन डेल्टा शोधायचा की एक्स आणि २ यांच्यातील अंतर शून्याहून मोठे पण डेल्टाहून कमी असेल, तेव्हा एक्स वर्ग आणि ४ यांच्यातील अंतर एप्सिलॉनपेक्षा कमी राहील. शिक्षक फळ्यावर अवयव पाडतात, डेल्टा १ पेक्षा मोठा घ्यायचा नाही असे ठरवतात, मग एक्स अधिक २ हे ५ पेक्षा कमी राहते असे दाखवतात आणि १ व एप्सिलॉनचा पाचवा भाग यांपैकी जो लहान तो डेल्टा, असे लिहून मोकळे होतात. मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "सर, हा १ कुठून आला? अर्धा घेतला तर चालेल का?" अर्धा घेतला तरी चालतो, पाचाऐवजी साडेचार येतात, इतकेच. बारा वर्षे प्रत्येक उदाहरणाला एकच उत्तर असते आणि ते पुस्तकाच्या शेवटी छापलेले असते, अशा सवयीच्या विद्यार्थ्याला इथे प्रथमच सांगितले जाते की बरोबर उत्तरे असंख्य आहेत, त्यांतले एक तू निवडायचे आहेस आणि ते का चालते हेही तूच सांगायचे आहेस. 'प्रत्येक' आणि 'अस्तित्वात असतो' या दोन शब्दप्रयोगांचा क्रम बदलला की विधानाचा अर्थ बदलतो, हेही त्याच आठवड्यात त्याच्यासमोर येते. सारा अडसर इथे आहे, आणि त्याचा आकडेमोडीशी फारसा संबंध नाही.

हा काटेकोरपणा गणितात आला, त्यामागे अध्यापनाचा मोठा वाटा होता, हे आवर्जून सांगण्यासारखे आहे. फ्रेंच गणितज्ञ कोशीने १८२१ मध्ये पॅरिसच्या एकोल पोलितेक्निकमधल्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात सीमेच्या कल्पनेवर कलनाची (कॅल्क्युलसची) नव्याने उभारणी केली. जर्मन गणितज्ञ डेडेकिंडला १८५८ साली झुरिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत कलनाची मूलतत्त्वे शिकवताना जाणवले की आपण भूमितीतल्या आकृतीचा आधार घेतो आहोत आणि संख्यांच्या बाजूने आपल्यापाशी पक्का पुरावा नाही. त्या अस्वस्थतेतून त्याने वास्तव संख्यांची जी रचना केली, ती १८७२ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे आज ज्या गोष्टीपाशी पहिल्या वर्षाचा विद्यार्थी अडखळतो, तिथे एके काळी शिकवणाराही अडखळला होता. वर्गात हे सांगितले गेले, तर निम्मी भीती जाईल असे मला प्रामाणिकपणे वाटते.

केंब्रिजमध्ये हा बदल उशिरा पोहोचला. तिथली गणिताची ट्रायपॉस ही पदवी परीक्षा एकोणिसाव्या शतकात वेगाने आणि कौशल्याने उदाहरणे सोडवण्याची शर्यत होऊन बसली होती. खासगी शिकवण्या घेतल्याशिवाय वरचा क्रमांक मिळत नसे आणि पहिल्या आलेल्याला 'सीनियर रँग्लर' म्हणत. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी १८९९ मध्ये हा मान एका इंग्रज विद्यार्थ्याबरोबर विभागून मिळवला आणि 'रँग्लर' हा शब्द मराठीत कायमचा रुजला. नंतर केंब्रिजचेच गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी या परीक्षेविरुद्ध आवाज उठवला. १९०८ मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी शुद्ध गणिताचे पाठ्यपुस्तक लिहून इंग्लंडच्या विद्यापीठांत काटेकोर विश्लेषणाची वाट मोकळी केली आणि १९०९ नंतर ट्रायपॉसची क्रमवार यादी बंद झाली. त्याच १९०८ साली जर्मनीत फेलिक्स क्लाइन यांनी शिक्षकांसाठी दिलेली व्याख्याने प्रसिद्ध करताना या प्रश्नाला नाव दिले: दुहेरी तुटलेपण. विद्यार्थी विद्यापीठात येतो तेव्हा शाळेतल्या गणिताचा तिथे काही उपयोग दिसत नाही. आणि तोच शिक्षक होऊन शाळेत परततो तेव्हा विद्यापीठातल्या गणिताचा उपयोग दिसत नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे हे निदान आपल्या बीएस्सी, बीएड झालेल्या शिक्षकांनाही जसेच्या तसे लागू पडते.

आपल्याकडची सुरुवात मात्र तुटलेपणातून झाली नव्हती. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन होण्याच्या कितीतरी आधी कॅप्टन जॉर्ज जर्विस यांनी मराठीत गणिताची पाठ्यपुस्तके तयार करून घेतली होती, आणि एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकवणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनी 'शून्यलब्धी' या नावाने कलनावर मराठीत लेखन केले होते. पुण्यात १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले, तेव्हा शाळेत शिकवणारी माणसेच कॉलेजातही शिकवत होती. केरूनाना छत्रे यांचे विद्यार्थी असलेले टिळक दोन्हीकडे गणित शिकवत. गोखले यांनीही दोन्हीकडे शिकवले आणि शाळांसाठी अंकगणिताचे जे पुस्तक तयार केले, ते पुढे दीर्घकाळ चालले. सकाळी युक्लिडचे प्रमेय सांगणारा माणूस दुपारी पदवीचा वर्ग घेत असेल, तर मुलाला पुढे काय लागणार आहे हे त्याला निराळे कळवावे लागत नाही. त्या काळच्या मॅट्रिकला युक्लिड होता आणि तो बहुतेकांनी घोकूनच पार केला, हे खरे. तरीही विधानामागे कारण द्यावे लागते, ही शिस्त त्या घोकंपट्टीतूनही थोडीफार उतरत असे.

पुढे रेषा हलू लागली. विद्यापीठाचे दार मॅट्रिकनंतर उघडायचे की त्यापुढच्या दोन वर्षांच्या इंटरमीजिएटनंतर, हा पहिला मोठा प्रश्न सॅडलर यांच्या अध्यक्षतेखालील कलकत्ता विद्यापीठ आयोगाने १९१७ ते १९१९ या काळात हाताळला आणि खरी सीमा इंटरमीजिएटपाशी आहे असा निर्वाळा दिला. राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ मध्ये बारा वर्षांच्या शिक्षणानंतर विद्यापीठ प्रवेश असावा असे सुचवले. कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात मांडलेल्या विचारातून आणि १९६८ च्या राष्ट्रीय धोरणातून दहा, दोन, तीन हा आकृतिबंध पुढे आला. महाराष्ट्रात १९७५ मध्ये नव्या रचनेतली दहावीची पहिली परीक्षा झाली, तोवर अकरावीला एसएससी देऊन मुले थेट महाविद्यालयात येत असत.

या बदलाची महाराष्ट्रातली तऱ्हा थोडी निराळी होती आणि माझ्या मते आजच्या अडचणीचे एक मूळ तिथे आहे. अनेक राज्यांत अकरावी-बारावीचे वर्ग मुख्यत्वे शाळांत राहिले. आपल्याकडे ते मोठ्या प्रमाणावर महाविद्यालयांना जोडले गेले आणि 'कनिष्ठ महाविद्यालय' हे नाव पडले. इमारत एक, ग्रंथालय एक, पुष्कळदा फाटकही एक. परंतु बारावीपर्यंतचा अभ्यासक्रम राज्य मंडळाचा आणि त्यापुढचा विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाचा. कनिष्ठच्या शिक्षकाची नेमणूक, वेतन, तपासणी शिक्षण खात्याकडे, तर वरिष्ठच्या प्राध्यापकाची विद्यापीठ आणि उच्च शिक्षण खात्याकडे. पूर्वी प्री-डिग्री आणि इंटर सायन्सचे वर्ग घेणारा प्राध्यापकच पदवीचा वर्गही घेई. तो दुवा या व्यवस्थेत सुटला. शेजारच्या खोलीत काय शिकवले जाते, हे ठाऊक असण्याची गरज दोघांनाही उरली नाही.

अभ्यासक्रमात मात्र दुवे आहेत आणि ते दुर्लक्षित राहतात, याची मला जास्त खंत वाटते. दहावीच्या भूमितीत आपला विद्यार्थी 'पक्ष', 'साध्य', 'रचना', 'सिद्धता' असे चार मथळे घालून प्रमेय लिहितो. काय दिले आहे, काय दाखवायचे आहे, त्यासाठी कोणती रेघ काढायची आणि कोणत्या पायरीला कोणते कारण, हा साचा पदवीच्या गणितालाही पुरेल इतका पक्का आहे. बारावीच्या पुस्तकाचे तर पहिलेच प्रकरण तर्कशास्त्राचे आहे. त्यात सत्यता सारण्या आहेत, व्यत्यास म्हणजे 'जर-तर' विधानाचे उलटे रूप आहे, 'सर्व' आणि 'काही' यांचा नकार कसा करावा हेही आहे. हे प्रकरण सोपे आणि हमखास गुणांचे म्हणून आठवड्याभरात उरकले जाते. पुढे त्याच वर्षी विकलनीय फल संतत असते, हे प्रमेय येते. त्याचा व्यत्यास खरा का नाही, हे केवलमूल्याच्या फलाकडे बोट दाखवून सांगताना पहिल्या प्रकरणातला 'व्यत्यास' तो हाच, हे एक वाक्य बोलले, तर तर्कशास्त्र आणि कलन यांची गाठ बसते. ते वाक्य सहसा बोलले जात नाही, कारण ते परीक्षेत विचारले जात नाही.

परीक्षा हा शब्द इथे सोडून चालणार नाही. आयआयटीची सामाईक प्रवेश परीक्षा १९६१ मध्ये सुरू झाली तेव्हा उत्तरे सविस्तर लिहावी लागत. २००६ पासून ती पूर्णपणे वस्तुनिष्ठ, मुख्यतः पर्यायनिवडीची झाली आणि २०१३ पासून मेन व अॅडव्हान्स्ड अशा दोन टप्प्यांत होऊ लागली. अभियांत्रिकीसाठी राज्याची स्वतंत्र सीईटीही पर्यायनिवडीचीच आहे. लाखो उत्तरपत्रिका थोड्या दिवसांत तपासायच्या, तर दुसरा मार्ग सोपा नाही, हे मान्य करायला हवे. परंतु त्याचा परिणाम असा की दहावीत सिद्धता लिहायला शिकलेला हात पुढची दोन वर्षे कारण लिहितच नाही. उत्तर कोणत्या पर्यायात बसते, हे दीड मिनिटात ताडण्याचा सराव क्लासमध्ये केला जातो आणि मंडळाच्या परीक्षेतली प्रमेये शेवटच्या महिन्यात पाठ केली जातात. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या किंवा चेन्नईच्या गणित संस्थेच्या पदवी प्रवेश परीक्षांत आजही सविस्तर सिद्धता विचारतात, म्हणून त्या परीक्षांच्या तयारीला लागलेल्या मुलांची जातकुळीच वेगळी दिसते. परंतु त्या जागा मोजक्या आहेत.

भाषेचाही भाग आहे. मराठी माध्यमातला जो विद्यार्थी दहावीपर्यंत 'समरूप', 'लंब', 'प्रमेय' या शब्दांत विचार करतो, त्याला विज्ञान शाखेत अकरावीपासून व्यवहारतः सारे इंग्रजीतून शिकावे लागते. सेमी इंग्रजी वर्गांमुळे संज्ञांचा धक्का कमी झाला आहे. मात्र सिद्धतेला संज्ञांबरोबर 'जर', 'तरच', 'निदान एक', 'प्रत्येकासाठी' हे शब्दही लागतात, आणि हे शब्द परक्या भाषेत अचूक वापरणे संज्ञा पाठ करण्याहून कितीतरी अवघड असते.

इतर देशांनीही हा अनुभव घेतला आहे. लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीने १९९५ मध्ये इतर दोन संस्थांसह काढलेल्या अहवालात विद्यापीठात येणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दल तीन तक्रारी नोंदवल्या होत्या: बैजिक क्रियांत हात बसलेला नसणे, अनेक पायऱ्यांचे उदाहरण पेलता न येणे, आणि गणितात अचूकतेला व सिद्धतेला असलेले स्थानच न उमगणे. त्यानंतर तिकडे अनेक विद्यापीठांनी प्रवेशाच्या वेळी निदान चाचणी घेऊन पूरक वर्ग सुरू केले. आपल्याकडे 'पूरक अभ्यासक्रम' हा शब्द मोठ्या चर्चेत आला तो २०२१ मध्ये, जेव्हा अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकी प्रवेशासाठी बारावीच्या चौदा विषयांपैकी कोणतेही तीन चालतील असे नियमपुस्तिकेत लिहिले आणि गणित न घेतलेल्यांची उणीव अशा वर्गांतून भरून काढता येईल असे सुचवले. त्यावर बरीच टीका झाली. दोन वर्षांचे गणित काही आठवड्यांत बसवता येते, या समजुतीवरची ती टीका मला रास्त वाटते.

मोलाचे काम छोट्या प्रयत्नांतून झाले आहे. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था सुरू केली. मुंबई विद्यापीठात अध्यापन केलेले एस. कुमारेसन यांच्या पुढाकाराने १९९३ पासून राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळाच्या साहाय्याने उन्हाळ्यात चार आठवड्यांचे गणित प्रशिक्षण शिबिर भरू लागले. तिथे शिक्षक व्याख्या फळ्यावर लिहितो आणि थांबतो. उदाहरण विद्यार्थ्याने द्यायचे, चुकले तर का चुकले ते इतरांनी सांगायचे, आणि पुढची पायरी वर्गातून आल्याशिवाय खडू हलत नाही. पहिल्या वर्षाच्या वर्गात जे घडायला हवे ते हेच. परंतु अशा शिबिरांची रचना मुख्यतः पदवीची एक-दोन वर्षे पार केलेल्यांसाठी आहे. दिवाळीपर्यंत विषय सोडून गेलेला विद्यार्थी तिथवर पोहोचत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नववी ते बारावी हा सलग टप्पा मानला आणि पदवी चार वर्षांची करण्याची मुभा दिली, म्हणजे रेषा पुन्हा एकदा हलली. महाविद्यालयांत नवे श्रेयांक, नवे विषयगट आणि नवी वेळापत्रके आली. बारावीचा अभ्यासक्रम अजूनही राज्य मंडळ ठरवते आणि पदवीच्या पहिल्या सत्राचा विद्यापीठाचे अभ्यास मंडळ. बारावीच्या पुस्तकातले तर्कशास्त्राचे पहिले प्रकरण पदवीच्या पहिल्या तासाला उघडायचे की नाही, हे त्या दोघांनी एकत्र बसून ठरवायचे अजून बाकी आहे.